कमरेचं सोडून गालाला

माझा फोटो स्टुडिओ आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात. गावाचं नाव लिहीत नाही, माझंही लिहीत नाही. पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, लग्नसराईत करिझ्मा अल्बम, अशी पंचवीसेक वर्षं लोकांचे चेहरे बघण्यात गेली. चेहऱ्यावरचा खड्डा म्हणजे सावली आणि सावली घालवायची तर खालून उजेड द्यायचा, हे मला झोपेतही कळतं. गिऱ्हाइकाच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा तुकडा ठेवला की बसलेले गाल निम्मे भरतात. उरलेले निम्मे फोटोशॉपमध्ये.

माझ्या कॉम्प्युटरवर ‘मी’ नावाचं एक फोल्डर आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कागदाला फोटो लागतोच, तो मी स्वतःचा स्वतःच काढतो. २००४ चा फोटो भरल्या गालांचा, तिशीतला, जरा मिजासखोर. २००६ चा पाहवत नाही. २००९ पासून पुढच्या सगळ्या फोटोंत मी पुन्हा भरल्या गालांचा दिसतो, कारण ते गाल मीच माउसने भरलेले आहेत. खोटं नसलेला एकच फोटो, २०११ सालचा, आधार कार्डावरचा. तिथे कॅमेरा दुसऱ्याचा होता, उजेड वरून ट्यूबलाइटचा होता आणि ऑपरेटरला घाई होती.

मला एचआयव्ही आहे. कसा झाला, हे विचारू नका. तेव्हा जे जे विचारत होते, त्यांतल्या एकानेही पुढे कधी ‘जेवलास का’ म्हणून विचारलं नाही. २००६ च्या उन्हाळ्यात वजन ४४ किलोवर आलं, तोंडात पांढरं साचायला लागलं, जुलाब थांबेनात. रक्त तपासलं. बायकोचं आणि तीन वर्षांच्या पोरीचंही तपासलं. त्या दोघींचं निगेटिव्ह आलं, त्या दिवशी मी सिव्हिलच्या पायऱ्यांवर बसून रडलो, आणि लोकांना वाटलं आत कुणी तरी गेलं.

सरकारने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला अडवणाऱ्या, गोळ्या फुकट द्यायला १ एप्रिल २००४ ला सुरुवात केली होती. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. दोन वर्षांत आमच्या बाजूलाही गोळ्या मिळू लागल्या होत्या, म्हणून मी आहे. तेव्हा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली असेल तर औषध सुरू करायचे, माझा ११२ होता. हिमोग्लोबिन ७.२. झिडोव्हुडिन नावाच्या औषधाने रक्त आणखी कमी होतं, म्हणून माझ्यासारख्या रक्त कमी असलेल्यांना त्याच्याऐवजी स्टॅव्हुडिन द्यायचे. तीन औषधांची एकच गोळी, सकाळी एक, रात्री एक. सहा महिन्यांत वजन ५६ झालं. मेलेला माणूस दुकान उघडून बसला.

आणि मग दोनेक वर्षांत गाल जायला लागले.

हे कसं होतं ते मला फार उशिरा समजलं. स्टॅव्हुडिन विषाणूला अडवतं, पण त्याचबरोबर चरबीच्या पेशींमधल्या मायटोकाँड्रियालाही मारतं. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीची चूल. चूल विझली की पेशी मरते. ही चरबी जाते ती गालांची, कानशिलांची, हातापायांची आणि ढुंगणाची. हातांवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. एसटीच्या बाकड्यावर हाडं टोचायला लागली, म्हणून सांगलीला जाताना मी घडी घातलेली चादर बरोबर न्यायचो. वजन मात्र काट्यावर बरोबर, रक्त बरोबर, सीडीफोर चढता. डॉक्टर खूश. आणि चेहरा बघाल तर उद्याचा दिवस दिसेल की नाही अशी शंका यावी.

“का ओ, किती वाळलायसा!” हे वाक्य मी रोज ऐकायचो. पहिल्यांदा काळजीने, मग कुजबुजीने. एखादी बाई पोराचा फोटो काढायला यायची आणि मी पोराची हनुवटी सरळ करायला हात पुढे केला की ती पोराला जरा मागे ओढायची. तोंडाने कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती, चेहराच सगळं सांगत होता.

एआरटीच्या रांगेत तर फारच विचित्र वाटायचं. रांगेत जतचा ट्रक ड्रायव्हर, कवठेमहांकाळची अंगणवाडीतली बाई, मिरजेचा भांड्यांचा व्यापारी, आटपाडीकडचा एक मेंढपाळ. जात वेगळी, वय वेगळं, कपडे वेगळे आणि तोंडं सगळ्यांची सारखी. गालांत दोन वाट्या, कानशिलात दोन, नाकापासून ओठांपर्यंत दोन घड्या. आम्ही सगळे एकाच घरचे वाटायचो. एसटीत किंवा बाजारात असा चेहरा समोर आला की दोघंही एकमेकांना लगेच ओळखायचो आणि दोघंही मान फिरवायचो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सांगितलं की स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा. माझी गोळी बदलून टेनोफोव्हिर यायला २०१२ उजाडलं. मी डॉक्टरांना विचारलं, आता गाल परत येतील ना? ते म्हणाले, आलेच तर फार हळू येतील. मी दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात स्वतःचा फोटो काढत राहिलो. दोन वर्षं काढले. चोवीस फोटो एकावर एक ठेवून पाहिले तर फरक फक्त केसांत होता, ते पांढरे झाले होते.

चरबी एका जागेची काढून दुसऱ्या जागी घालता येते, हे २०१४ मध्ये एका गिऱ्हाइकाकडून कळलं. तिच्या भाचीने पुण्यात करून घेतलं होतं. मी फोन केला, वेळ घेतली, गेलो. मोठी काच, थंड एसी, भिंतीवर नितळ चेहऱ्यांचे फोटो. (रिटच जरा जास्तच केलेले होते, कातडीची छिद्रंच उडवली होती.) डॉक्टरांनी नीट तपासलं, खर्च सांगितला. मग आधीचे आजार लिहायचा फॉर्म आला. मी खरं लिहिलं. दहा मिनिटांनी रिसेप्शनवरच्या मुलीने मला बाजूला घेतलं, तपासणीचे पैसे पाकिटात घालून परत दिले आणि म्हणाली, सर, आमचं मशीन बंद पडलंय, सुरू झालं की फोन करतो. ती बिचारी माझ्याकडे बघत नव्हती. कुठलं मशीन, ते मी विचारलं नाही. स्वारगेटला येऊन गाडीत बसलो.

आता त्यासाठी कायदा आहे. २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. हे मला आमच्या केंद्रातल्या कौन्सेलर मॅडमनी सांगितलं आणि मुंबईतल्या एका प्लास्टिक सर्जनचा पत्ताही त्यांनीच मिळवून दिला. २०१९ च्या जानेवारीत मी तिथे गेलो. एका ट्रस्टच्या रुग्णालयात, लाकडी बाकं, भिंतीवर एकही फोटो नाही. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, मला एचआयव्ही आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, तपासणीत सापडत नाही. सर्जन म्हणाले, “ते गाल बघूनच कळलं. शर्ट काढा.”

मग त्यांनी माझं पोट चिमटीत धरलं. कंबर धरली. मांडी धरली. पाठीवर वर मानेजवळ दाबून पाहिलं. आठवडी बाजारात बकरं तपासतात तसं. शेवटी हात धुतले आणि म्हणाले, “घालायला जागा भरपूर आहे. काढू कुठून?”

माझं पोट पुढे आलेलं होतं. मी ते दाखवलं. ते म्हणाले, ही चरबी आत आहे, आतड्यांभोवती. ती नळीने ओढता येत नाही, कातडीखालचीच काढता येते. आणि कातडीखालची तर त्याच औषधाने खाल्ली होती. कुणाकुणाला याच औषधांमुळे मानेमागे चरबीचं वशिंड येतं, ते तरी मला असतं तर काढता आलं असतं का, असं मी विचारलं. ते हसले. म्हणाले, काहींनी काढलं आहे. पण ती चरबी गालात गेल्यावरही आपला स्वभाव सोडत नाही, तिथेही वाढायला लागते. दोनचार पेशंटांची तोंडं माकडाने चणे भरल्यासारखी झाली. चरबी जिथून उचलली तिथल्या सवयी घेऊन येते, हे त्यांचं वाक्य मी लक्षात ठेवलं.

दुसरा रस्ता फिलरचा. सुईने जेल भरायचं. पण माझ्या गालांना एक-दोन सिरिंजांनी काय होणार? आणि वर्ष-दीड वर्षात ते विरतं, मग पुन्हा भरा. एका सिरिंजेची किंमत माझ्या महिन्याच्या कमाईच्या आसपास. आणखी एक इंजेक्शन असतं, पॉलिलॅक्टिक आम्लाचं, ते हळूहळू कातडीखाली भर आणतं. नेमकं आमच्यासारख्यांच्या गालांसाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती २००४ साली. म्हणजे इकडे सरकारी केंद्रांत ती गोळी सुरू होत होती त्याच वर्षी तिकडे तिने पाडलेल्या खड्ड्यांवरचा उपाय बाजारात आला. यात कुणाची चूक म्हणावी? त्या गोळीनेच मला वाचवलं, ती स्वस्त होती म्हणूनच फुकट मिळाली. पण हे साल मी ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून एक शिवी गेली, ती सर्जननी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

घरी आलो. विषय संपला होता.

मग कोरोना आला. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोकळी वर्षं. हे लिहायला लाज वाटते, कारण त्या काळात आमच्या गल्लीत चार माणसं गेली आणि माझा धंदा पार बसला, लग्नं पंचवीस-पन्नास माणसांची झाली, अल्बम कोण करतंय? पण तोंडावर मास्क होता. सगळ्यांच्याच. मी बाजारात जायचो, बँकेत रांगेत उभा राहायचो, अनोळखी माणसाशी पाच-पाच मिनिटं बोलायचो आणि कुणाची नजर माझ्या गालावर अडकायची नाही. एकदा एका नव्या पोस्टमनने मला ‘दादा’ म्हटलं. एरवी बाहेरचे लोक मला ‘आजोबा’ म्हणायचे, पंचेचाळिशीत. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातले निर्बंध उठले. लोकांनी साखरेच्या गाठी खाल्ल्या. मी मास्क घालूनच गुढी उभारली. पोरगी म्हणाली, “पप्पा, आता काढा की.”

त्याच्या आदल्या वर्षी माझी गोळी पुन्हा बदलली होती. आता डोल्युटेग्रॅव्हिर असलेली, दिवसातून एकच. हिने काहीजणांचं वजन वाढतं. माझं वाढलं. ५८ चं ६४ झालं आणि मुख्य म्हणजे कंबरेला दोन्ही बाजूंनी वळी आली. पँट शिंप्याकडे सैल करायला द्यावी लागली. बायको म्हणाली, अहो, चालायला जा. मी आरशासमोर शर्ट वर करून ती वळी चिमटीत धरली आणि मला तो प्रश्न आठवला. काढू कुठून? ही बघा, इथून.

एका गोळीने गालातली चरबी नेली, दुसरीने कंबरेत आणून दिली. आता हमाल तेवढा पाहिजे होता.

घरात बोलणं झालं. बायकोचा विरोध नव्हता, पण तिचा प्रश्न सरळ होता: एवढे पैसे कुणासाठी? मी म्हटलं, उद्या पोरीला बघायला लोक येतील. पोरगी तेव्हा नर्सिंगला होती. ती आतून म्हणाली, “माझं नाव घालू नका त्यात. माझ्या लग्नाच्या वेळी मी सांगायचं ते सांगेन. तुम्हाला स्वतःसाठी करायचंय तर करा.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. खरं तेच होतं. पन्नाशीच्या दाराशी आलेल्या पुरुषाने स्वतःच्या गालांसाठी पैसे खर्चायचे, हे तोंडाने म्हणायला मला तिच्या नावाचा आडोसा पाहिजे होता.

सर्जननी सहा महिने थांबायला लावलं. वजन त्या काळात हललं नाही पाहिजे, कारण भरलेली चरबी ही जिवंत चरबी असते. वजन उतरलं तर तीही उतरेल, वजन वाढलं तर गालही वाढतील. दुसरी अट तंबाखूची. महिनाभर आधी बंद, नंतरही बंद. नवीन जागी ठेवलेल्या चरबीला पहिले काही दिवस रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या ओलाव्यावर ती तग धरते आणि मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. तंबाखू त्याच बारीक वाहिन्या आवळते. एचआयव्ही झाला तेव्हा सुटली नव्हती, बाप कॅन्सरने गेला तेव्हा सुटली नव्हती, ती गालांसाठी सुटली. ज्या गालात ती धरायचो त्याच गालासाठी.

आता डोळ्याचं सांगतो, कारण खरा विचार मी तिथेच केला.

संमतीच्या कागदावर धोके लिहिलेले असतात. सूज, काळंनिळं पडणं, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू सारख्या न होणं, चरबी न टिकणं. सर्जननी ते भराभर सांगितलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “हे एक शांतपणे ऐका.” चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. चरबीचा थेंब चुकून धमनीत गेला आणि दाबाने उलटा वर चढला तर डोळा जाऊ शकतो. मेंदूलाही इजा होऊ शकते. फार क्वचित होतं. भुवयांच्या मध्ये आणि नाकाजवळ धोका जास्त, तिथे ते घालणारच नव्हते. गालात आणि कानशिलात कमी, पण शून्य नाही. म्हणून ते बोथट टोकाची नळी वापरतात, नळी मागे घेत घेतच सोडतात आणि एका वेळी इवलंसंच सोडतात.

“तुम्ही काय काम करता?” असं त्यांनी विचारलं, जरी कागदावर लिहिलेलं होतं.

मी ऑपरेशनच्या आदल्या रात्री दादरला एका लॉजवर होतो. उजवा डोळा मिटून पाहिलं. मी उजव्या डोळ्याने कॅमेऱ्यात बघतो. डाव्याने बघायचा प्रयत्न केला तर नाक आडवं येतं. खोलीतल्या बल्बकडे, पंख्याकडे, खिडकीतून दिसणाऱ्या टिळक पुलाकडे एकेका डोळ्याने बघत बसलो. हा मूर्खपणा नाही का? जीव वाचवायला गोळी घेतली तेव्हा धोका घेणं समजू शकतं. तेव्हा निवडायला काहीच नव्हतं. आता मी धडधाकट आहे, चार जिने चढतो, व्हायरल लोडच्या कागदावर दरवर्षी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतं आणि मी माझ्या हाताने डोळा पणाला लावतोय. तोही कशासाठी, तर ‘का ओ वाळलायसा’ ऐकू नये म्हणून.

रात्री एकला बायकोला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “परत या. मला तुम्ही असेच सवयीचे झालाय.” ती ‘परत या’ म्हणाली म्हणून मला थांबावंसं वाटलं. ‘करा’ म्हणाली असती तर कदाचित पळालो असतो. माणसाचं काही सांगता येत नाही.

ऑपरेशन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. आधी सर्जननी २००४ चा फोटो मागून घेतला होता. रिटच केलेला नको, असं बजावून. मी बसलेला असताना त्यांनी माझ्या तोंडावर मार्करने गोल काढले, कारण आडवं झाल्यावर खड्डे फसवतात. हे मला फारच पटलं, उजेडाची दिशा बदलली की चेहरा बदलतोच. गुंगीचं इंजेक्शन दिलं, पूर्ण भूल नाही. कंबरेला दोन्हीकडे तांदळाच्या दाण्याएवढी छिद्रं, त्यांतून आधी बधीर करणारं पाणी भरलं. मग नळी आणि हाताने ओढायची सिरिंज. मशीनने जोरात ओढलं तर पेशी फुटतात. दुखलं नाही, पण खरवडल्यासारखं जाणवत होतं, खोबरं किसताना किसणीला जाणवत असेल तसं.

सिरिंजा एका यंत्रात घालून तीन मिनिटं फिरवल्या. नर्सने मला एक दाखवली. वर तेल, मध्ये पिवळी चरबी, खाली रक्त आणि पाणी. वरचं तेल आणि खालचं पाणी टाकून द्यायचं. सगळी मिळून ७० मिली निघाली होती, वापरायला उरली २९. बाराबारा गालांत आणि उरलेली कानशिलात वाटली. एकदम गोळा ठेवला तर मधल्या पेशींपर्यंत रक्त पोचत नाही आणि त्या मरतात, म्हणून एक मिलीच्या सिरिंजेने धाग्याएवढ्या बारीक रेघा, थरावर थर. याला वेळ फार लागला. मी डोळे मिटून होतो, तरी मधूनमधून उजवा उघडून वरचा दिवा दिसतोय का बघायचो. तिसऱ्यांदा सर्जन म्हणाले, “दिसतोय ना? मग मिटा आता.”

तिथे कुणी दोन हातमोजे घातले नाहीत, माझ्या फाइलवर लाल शाईने काही लिहिलं नाही. सगळ्या पेशंटांना घेतात तीच काळजी मला घेतली. हे लिहून ठेवण्यासारखं वाटावं, यातच काय ते आलं.

बिलावर १८ टक्के जीएसटी होता. जन्मजात व्यंग, इजा, अपघात यांसाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीला सूट आहे. औषधाने नेलेले गाल त्यात कुठे बसतात हे विचारायला मी काउंटरवर गेलो होतो. क्लार्कने शांतपणे सांगितलं, साहेब, सिस्टिममध्ये ‘कॉस्मेटिक’ असं आहे. विमा नव्हताच. आगाऊ आलेल्या लग्नसराईच्या पैशांतून भागवलं.

पहिला आठवडा आरशात बघू नये. डोळ्यांखाली जांभळं, मग हिरवं, मग पिवळं. तोंड सुजून कणकेच्या गोळ्यासारखं. डोकं उंच ठेवून पाठीवरच झोपायचं, कुशीवर नाही, गाल दाबायचे नाहीत, शेकायचे नाहीत. कंबर तोंडापेक्षा जास्त दुखते, हे कुणी आधी सांगत नाही. गावात सांगितलं, अक्कलदाढा काढल्या. “दोन्ही बाजूंच्या एकदम?” शेजारच्या काकूंनी विचारलं. बायको म्हणाली, “मुंबईचे डॉक्टर, एका फेरीतच उरकतात.” तिचं हे कसब मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली आणि मी २००४ मध्ये आलो. खरंच. कानशिलं भरलेली, गाल गोल. त्या आठवड्यात मी नुसता आरशात बघत होतो. सर्जननी बजावलं होतं, यातलं बरंच जाणार आहे, जीव लावू नका. मी दर सोमवारी सकाळी दहाला फोटो काढायला लागलो. तीच खुर्ची, तोच दिवा, एफ ८, आयएसओ १००, मांडीवर थर्माकोल नाही, माउस नाही. चौथा, सहावा, आठवा सोमवार. सावली थोडी थोडी परत येत होती. दहाव्याला मी बायकोवर विनाकारण ओरडलो. साधारण चौदाव्या सोमवारनंतर ती थांबली आणि तिथेच राहिली. सहा महिन्यांनी सर्जननी पाहिलं. त्यांच्या अंदाजाने निम्मी टिकली असावी, डाव्या गालात जरा कमी. झोपेत मी त्या कुशीवर वळत असेन, असं ते म्हणाले. दुसऱ्यांदा थोडी घालता येईल, कंबरेत अजून आहे. बघू.

म्हणजे आता मी कसा दिसतो? पन्नाशीचा दिसतो. गाल आत आहेत, पण वाट्या नाहीत. वरून उजेड पडला की अजून दिसतात. ‘आजोबा’ म्हणणं बंद झालं. ‘वाळलायसा’ म्हणणारे अजून आहेत, पण ते आता सगळ्यांनाच म्हणतात तसं म्हणतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात. आधार कार्डावरचा फोटो बदलून घेतला. ऑपरेटरला म्हटलं, ट्यूबलाइट बंद करून खिडकी उघडा जरा. त्याने उघडली.

गोळ्या आणायला आता दर महिन्याला जावं लागत नाही, एका खेपेस जास्त मिळतात. ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी गेलो तेव्हा बाकावर जतचा ड्रायव्हर बसलेला होता. आम्ही दोघांनी २००६ मध्ये एकाच आठवड्यात औषध सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांच्या गोळ्या मोजल्या आहेत. मी दारातून आत आलो, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे नेली. बाहेरच्या माणसाकडे बघून नेतात तशी. मी शेजारी बसलो तर सरकून जागा दिली आणि जरा आदबीने विचारलं,

“कुणाला घेऊन आलायसा?”

मला काही सुचेना. म्हटलं, “मीच हाय की ओ. स्टुडिओवाला.”

त्याने मान वळवून बराच वेळ पाहिलं. त्याच्या गालांत त्या वाट्या तशाच होत्या, खिडकीचा उजेड त्यांत उतरत नव्हता. मग त्याने उजव्या हाताचं बोट माझ्या गालावर ठेवून दाबलं, कलिंगड बघतात तसं.

“काय भरलंय ह्यात?”

मी सांगितलं. कुठून काढली, कशी फिरवली, कशी घातली, किती लागले, किती उरली. त्याने सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या कंबरेला एकदा हात लावून पाहिला, तिथे काही नव्हतं. आणि मग तो जो हसायला लागला.

“म्हंजे कमरेचं सोडून गालाला गुंडाळलंस की रं!”

तो हसला, मी हसलो, पलीकडची अंगणवाडीवाली बाई तोंडाला पदर लावून हसली, आणि आतून सिस्टरचा आवाज आला, बाहेर कोण आहे ते, गप्प बसा आणि नंबर लावा.